पाव लिटर जाळ

सोलापुरात आमच्या आळीत रॉकेल दोन तऱ्हांनी मिळायचं. रेशनचं निळं रॉकेल महिन्यातून एकदा, शिधापत्रिकेवर ठरलेलं तेवढं. ते संपलं की कोपऱ्यावरच्या दुकानात, चढ्या भावानं, पण सुटं. दुकानदार लांब दांड्याचं पत्र्याचं माप पिंपात बुडवायचा आणि नरसाळ्यातून पाव लिटर बाटलीत ओतायचा. आळीतल्या विडी वळणाऱ्या बायका रोज संध्याकाळी तशा बाटल्या घेऊन तिथं उभ्या असायच्या. रेशनवर निम्म्या भावात मिळणारी वस्तू या बायका महाग का घेतात, हे मला लहानपणी कळायचं नाही. आईला कळत होतं. रेशनला रॉकेल यायचं त्या दिवशी महिन्याचे सगळे पैसे एकदम मोजावे लागत आणि विडीची मजुरी तर आठवड्याला हातात पडायची. मग शेजारच्या अक्का आपलं कार्ड आईकडे द्यायच्या. आई पैसे भरून कॅन घरी आणायची आणि अक्का आठवडाभर थोडं थोडं रॉकेल नेऊन थोडे थोडे पैसे द्यायच्या. आईनं त्यातून कधी नफा घेतला नाही. सरकारच्या स्वस्त दरात नसलेली एक गोष्ट ती पुरवत होती, सवड.

पुढे आमच्याकडे गॅस आला. कार्डावर गॅसधारकाचा शिक्का बसला, रॉकेलचा कोटा घटला. आईनं वातीचा स्टोव्ह मात्र माळ्यावर टाकला नाही. टाकी महिनाअखेरीस संपली तर पगारापर्यंतचे दिवस त्याच स्टोव्हवर निघायचे. आमची नोकरदार माणसांची ही अवस्था, तर अक्कांच्या घराची काय असेल!

आज पुण्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींशी बोलताना ते पत्र्याचं माप मला सारखं आठवतं. त्यांचं गाव बार्शी तालुक्यात. तिथं थोरल्या सुनेला उज्ज्वला योजनेतून गॅस मिळाला. ही योजना 1 मे 2016 रोजी बलियात सुरू झाली आणि तिनं खरोखर मोठं काम केलं. धुरानं डोळे चोळत भाकऱ्या थापणाऱ्या लाखो बायकांच्या घरात शेगडी पोहोचली. पण सुरुवातीच्या त्या वर्षांत शेगडी आणि पहिली टाकी बहुतेकांनी कर्जावर घेतली होती. ते कर्ज अनुदानातून कापलं जायचं, म्हणजे ते फिटेपर्यंत पुढच्या टाक्या पूर्ण भावानं घ्यायच्या. 2019-20 मध्ये उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी तीनच्या आसपास टाक्या भरल्या गेल्या. त्यावर लोक म्हणाले, बायकांना चुलीची सवय सुटत नाही. हे मला पटत नाही. मावशींची सून सकाळचा चहा आणि तान्ह्याचं दूध गॅसवर करते, भाकरी आणि अंघोळीचं पाणी तुराट्यांवर. तुराट्या शेतातून फुकट येतात आणि 14.2 किलोची टाकी एकदम आठ-नऊशे रुपये मागते. शेतमजुरीच्या घरात आठशे रुपये एका दिवशी एका जागी क्वचितच असतात.

अनुदान नाही असं नाही. ऑक्टोबर 2023 पासून उज्ज्वलाच्या टाकीमागे 300 रुपये मिळतात. 2024 मध्ये महाराष्ट्रानं अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत दिल्या. पण इथंही आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि मग ते खात्यात येण्याची वाट पाहायची. फुकट टाकीसाठीसुद्धा आधी आठशे रुपये उसने काढावे लागतात! ही रक्कम टाकी घेतानाच वजा व्हावी, हे मला अगदी तळमळीनं वाटतं. 2015 च्या आधी टाकी अनुदानित भावातच दारात येत होती. खोट्या जोडण्या आणि काळाबाजार रोखायला अनुदान बँक खात्यात टाकण्याची पद्धत आली, हे खरं आहे. पण त्या बदलात वाट पाहण्याचं ओझं सरकारकडून उचलून गरिबाच्या खांद्यावर ठेवलं गेलं. पाच किलोची टाकी हा त्यातला त्यात समंजस मार्ग, कारण तिची रक्कम आठवड्याच्या मजुरीत बसू शकते. ती प्रत्येक गावात, मोठ्या टाकीसारखीच घरपोच मिळायला हवी.

विजेचं दुखणं मावशींच्या पुण्यातल्या खोलीत पाहिलं. आपल्याकडे पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, पुढे चढत जातो. कमी वापरणारा गरीब, म्हणून त्याला सवलत. विचार नेक आहे. पण ही सवलत मीटरला मिळते, माणसाला नाही. मावशींच्या वाड्यात एका मीटरवर चार बिऱ्हाडं आहेत. प्रत्येकी साठ-सत्तर युनिटं, पण बेरीज वरच्या टप्प्यात जाते. म्हणजे दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही असलेली बाई वातानुकूलित घराच्या दरानं वीज घेते. त्यात मालक युनिट मोजत नाही, पॉइंटप्रमाणे पैसे लावतो. गावाकडून नातू आला आणि कूलर लावला, की दोनशे रुपये जादा.

मग मोबाइलसारखी रोज थोडे पैसे भरून वीज का घेऊ नये? 2003 च्या वीज कायद्यात तशा मीटरची सोय आहे आणि त्याला अनामतही लागत नाही. सुट्या रॉकेलचा हिशेब डोक्यात असलेल्या मला ही कल्पना आधी फार आवडली. पण त्याच कायद्यानुसार बिल थकलं तर वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि या पंधरा दिवसांत माणूस उसनंपासनं करतो, बायको भिशीचे पैसे आणते. शिल्लक संपताच दिवा गेला, तर ते पंधरा दिवसही जातात. छोट्या रकमेत खरेदी हवी आणि अडचणीत सवडही हवी. आईच्या कॅनमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या.

गेल्या महिन्यात मावशींच्या सांगण्यावरून मालकाला भेटलो. स्वतंत्र मीटरसाठी त्याचं संमतिपत्र हवं होतं. त्याला भीती, मीटर भाडेकरूच्या नावावर झाला की खोलीवर हक्क सांगतील. तासभर बोलणं झालं. संमतिपत्र त्यानं दिलं नाही, पण चारही खोल्यांना पोटमीटर बसवून खऱ्या युनिटांप्रमाणे बिल वाटायला तो तयार झाला. दर वरच्याच टप्प्याचा राहील. मावशी म्हणाल्या, "असू दे दादा, निदान मी किती जाळलं ते तरी मला दिसंल." पोटमीटरचे पैसे त्या दोन हप्त्यांत देणार आहेत.