बाशिंग

सानपाडा म्हटलं की लोकांना रेल्वे स्टेशन आठवतं, नाहीतर पाम बीच रोड. आमच्यासाठी ते खाडीच्या अंगाचं आगरी गाव. नवी मुंबईसाठी जमिनी संपादित व्हायच्या आधी गावाला भातखाचरं होती आणि खारं पाणी अडवणारे बांध होते. बियाण्याच्या कणगीला घरात देवासारखा मान. कितीही ओढाताण असो, आजी त्यातलं मूठभर भात मोडू द्यायची नाही. शेती गेल्यावरही तिनं दोन वर्षं ते जपलं. तिसऱ्या पावसाळ्यात ओंजळभर ओल्या फडक्यात बांधून बघितलं, तर चार-दोनच कोंब आले. उरलेलं तिनं कोंबड्यांपुढे टाकलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

अशा घरात वाढल्यामुळे असेल, बी नसलेलं झाड ही गोष्टच मला पटत नव्हती. परसातल्या रायवळ आंब्याच्या बेचक्यात बाशिंग होतं. हे एक नेचं. नवरदेवाच्या बाशिंगाचंच नाव त्याला. उन्हाळ्यात बघाल तर मेलेलं वाटेल. कागदासारखी कुरकुरीत तपकिरी पानं तेवढी खोडाला चिकटलेली. मृगाचे दोन पाऊस झाले की त्यातूनच हातभर लांब हिरवी पानं निघायची. मी आजीला विचारलं, याचं बी कुठंय? ती म्हणाली, "त्याला बी नाय रं बाला. पानी आला का तो उठतो."

शाळेत पुढे 'अबीजपत्री' हा शब्द पाठ केला, पण आजीच्या त्या वाक्यात धडा जवळजवळ सगळा आला होता. बाशिंगाला पानं दोन तऱ्हेची. तपकिरी पानं आंब्याचा पालापाचोळा, धूळ, पावसाचं पाणी धरून ठेवतात. म्हणजे खत त्याचं तोच जमवतो. लोक त्याला बांडगूळ म्हणतात ते चूक. बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस पितं. बाशिंग नुसतं बसायला जागा मागतं.

हिरव्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात, त्यात बीजाणू. बी म्हणजे शिदोरी बांधून धाडलेलं पोर. आत कोंब तयार, सोबत खायला अन्न. बीजाणू म्हणजे एकटी पेशी, धुळीच्या कणाएवढी. वाऱ्यानं नेईल तिथं जायचं. ओल मिळाली तर त्यातून नेचं उगवत नाही, आधी करंगळीच्या नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराची हिरवी पापडी होते. तिच्या पोटाशी नर आणि मादी भाग. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत मादीपेशीपर्यंत जाते. तो थर नसेल तर काहीच नाही. मीलन झालं तर त्या पापडीतून पहिलं गुंडाळलेलं पान वर येतं.

अठराव्या शतकात लिनियसनं या बिनफुलांच्या वनस्पतींच्या गटाला नाव दिलं, त्याचा अर्थ होतो 'गुप्त विवाह'. ज्याचं लग्न कुणाला दिसत नाही त्याला आपल्याकडे नाव बाशिंग!

भिंतीवरचं शेवाळही याच गोतातलं. त्यातली मखमलीसारखी मॉस मात्र उलट्या रीतीनं जगते. आपल्याला दिसते ती हिरवाई म्हणजेच तिची नर-मादीची पिढी, बीजाणूंची बोंडं तिच्या डोक्यावर बारीक देठांनी उभी राहतात. खरी मुळं तिला नाहीत, सगळ्या अंगानं पाणी पिते. गणपतीआधी आम्ही ओटा खरवडतो, ब्लीचिंग पावडर टाकतो. पुढच्या आषाढात ती हजर.

तीन वर्षांपूर्वी जुनं घर पाडून इमारत उभी करायचं ठरलं. आंबा मधोमध येत होता. त्यावरून चुलतभावांशी माझी खूप वादावादी झाली, पण चार घरांना छप्पर हवं होतं आणि माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. आंबा पडला त्या दिवशी मी करवतवाल्याला थांबवून बाशिंगाची लवदार, बोटभर जाड खोडं सोडवून घेतली. धाकटा चुलतभाऊ हसला, "दादा, आंबा गेला नि बांडगूळ कशाला?" तरी काथ्या त्यानंच आणून दिला. देवळामागच्या उंबराला दोघांनी ते बांधलं. एक तुकडा सुकला, दुसऱ्यानं पहिल्याच पावसाळ्यात मुळं धरली.

एक पिकलं पान मी कागदात ठेवलं होतं. दोन दिवसांत कागदावर पिवळसर भुकटी पडली. विटेवर उकळतं पाणी ओतलं, ती गार झाल्यावर भुकटी टाकली आणि झाकणाच्या डब्यात सावलीला ठेवली. कितीतरी आठवडे काही नाही. मग हिरवट झाक, मग त्या पापड्या. भिंगातून आईला दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली. आजीच्या कणगीतला एक दाणाही आज घरात नाही, हे तिलाही आठवलं असावं. म्हणाली, "पानी शिंपडलास का आज?"

शिंपडलं. श्रावणात एका पापडीतून तांदळाएवढं पान निघालं. डबा सध्या नव्या घराच्या बाथरूमच्या खिडकीत आहे. तिथंच काय ती ओल टिकते.