खेळ हेही वैयावृत्त्यच



मूल दवाखान्यात भरती झालं की आपण डबे, चादरी, थर्मास गोळा करतो. खेळणं मात्र "कशाला, हरवेल" म्हणून घरीच राहतं. गेल्या पावसाळ्यात भाचीच्या पाच वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला आणि मी तिच्या सोबतीला राहिले. तेव्हापासून माझ्या पिशवीत खेळणं आधी जातं.

प्लेटलेट मोजायला रोज रक्त काढायचे. तिसऱ्या दिवसापासून नर्स दिसली तरी तो अंग आखडून घ्यायचा. बोलणं जवळजवळ बंद झालं. त्यातच भेटायला आलेल्या एक आजी पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "असातेचा उदय गं, भोगल्याशिवाय सुटका नाही." रात्री त्याने आईला हळूच विचारलं, "मी काय केलं होतं?"

त्या वॉर्डात मुलांशी खेळायला एक ताई यायच्या. याला प्ले थेरपी म्हणतात, हे मला तिथे कळलं. त्यांनी एक कापडी बाहुला, बिनसुईची सिरिंज आणि बँडेज त्याच्या पलंगावर ठेवलं. "आज डॉक्टर तू," एवढंच म्हणाल्या. त्याने बाहुल्याला पाच-सहा वेळा जोरजोरात टोचलं. ताईंनी अडवलं नाही. मग त्याने बँडेज गुंडाळलं आणि बाहुल्याला सांगितलं, "तू काही केलं नाहीस. तुला डास चावला."

दुसऱ्या दिवशी रक्त काढताना तो रडलाच, पण हात स्वतः पुढे केला.

लहान मुलांना आजार म्हणजे शिक्षा वाटते. "खोड्या केल्यास तर डॉक्टर सुई टोचतील" हे आपणच घरी शिकवलेलं असतं. ती भीती त्यांना शब्दांत सांगता येत नाही, ती खेळात बाहेर येते. दवाखान्यात सगळे त्यांच्यावर काहीतरी करत असतात. खेळताना मात्र करणारे ते असतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या रुग्णालयात एमा प्लँक यांनी 1955 मध्ये अशा मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचा वेगळा विभाग सुरू केला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातही खेळ हा हक्क मानला आहे, आजारी मुलाचासुद्धा.

ताईंकडून शिकलेल्या काही गोष्टी:

"दुखणार नाही" असं सांगू नका. "थोडं टोचेल, मी हात धरते" असं सांगा. सत्य अणुव्रत मुलांशी बोलतानाही आहेच. एकदा फसलेलं मूल पुढच्या वेळी आईवरही विश्वास ठेवत नाही.

निवड खरी द्या. "सुई टोचू का?" असं विचारू नका, "कोणत्या हाताला?" असं विचारा, तेही नर्सला चालत असेल तर.

सुईच्या वेळी साबणाचे फुगे फुंकायला द्या. लांब श्वास सुटतो, अंग सैल पडतं.

खेळणी धुता-पुसता येणारी असावीत. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांना दुसऱ्यांची खेळणी डॉक्टरांना विचारूनच द्यावीत.

आता त्या आजींच्या बोलण्याबद्दल. कर्मसिद्धांत मी मानते. पण तो स्वतःचं दुःख समतेने सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पलंगाशी निकाल सुनावण्यासाठी नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्यातून फक्त "तू वाईट आहेस" एवढंच ऐकू येतं. काया, वाचा, मन अशी तीनही अंगांनी अहिंसा पाळायची असेल, तर आजाऱ्यासमोर वाचा आधी सांभाळावी लागते.

तत्त्वार्थसूत्रात अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य सांगितलं आहे आणि ज्यांची सेवा करायची त्यांत ग्लान, म्हणजे आजारी साधू, येतात. गृहस्थाच्या घरी ही भावना आजारी मुलापर्यंत पोहोचायलाच हवी. पाय चेपणं, औषध देणं ही सेवा आहेच. तासभर त्याच्या बाहुल्याचा पेशंट सांभाळणं हीसुद्धा सेवाच.

पुढच्या वेळी कुणाच्या मुलाला भेटायला जाल तेव्हा बिस्किटांऐवजी साबणाच्या फुग्यांची बाटली न्या. आणि थोडा वेळ, त्याने सांगितलं तर, पेशंट व्हा.