एका चेंडूपलीकडचा मॅकेचनी

पुणे

चि. सोहम यास,


डनेडिनच्या तुझ्या मित्रमंडळींत अंडरआर्म चेंडूची गोष्ट निघाली आणि ब्रायन मॅकेचनीचं नाव तेवढ्यापुरतंच घेतलं गेलं, असं तू कळवलंस. त्या खेळाडूवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅकेचनी १९५३ साली गोर या गावी जन्मला. हे गाव साउथलंडमधलं, म्हणजे न्यूझीलंडच्या पार दक्षिणेचं. रग्बीत या प्रांताचा स्वतःचा संघ आहे. क्रिकेटमध्ये मात्र प्रथम श्रेणीचा संघ नाही, तिथली मुलं ओटागोकडून खेळतात. त्यामुळे त्याचं वर्ष दोन प्रांतांत वाटलेलं असे. हिवाळा साउथलंडच्या रग्बीचा, उन्हाळा ओटागोच्या क्रिकेटचा. क्रिकेटमध्ये तो मध्यमगती गोलंदाजी करी आणि तळाला येऊन चार धावा जोडी. रग्बीत त्याच्या किकवर संघाची भिस्त असे.

दोन्ही खेळांत तो देशाकडून खेळला. आपल्याकडच्या जुन्या रसिकांना तो आठवायला हवा, कारण १९७९च्या विश्वचषकात हेडिंग्लीला भारताचा डाव १८२ धावांत आटोपला, त्यात तीन बळी त्याचे होते. गावसकरांनी ५५ धावा केल्या, तरी सामना आपण आठ गडी राखून हरलो.

त्याच्या आदल्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९७८ रोजी, वेल्सविरुद्धच्या सामन्यात तो कार्डिफला ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या, राखीव खेळाडूंत होता. फुलबॅक क्लाइव्ह करी जखमी झाला आणि मॅकेचनीला मैदानात उतरावं लागलं. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा वेल्स १२-१० असा पुढे होता. एका लाइनआउटला न्यूझीलंडचे अँडी हेडन आणि फ्रँक ऑलिव्हर धक्का बसल्यासारखे बाहेर कोसळले. पंच रॉजर क्विटेंटन यांनी न्यूझीलंडला पेनल्टी दिली. हेडनच्या सोंगाला आपण फसलो नाही, वेल्सच्या जेफ व्हीलनं ऑलिव्हरला खरोखरच ढकललं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. वेल्सच्या लोकांना ते आजही पटत नाही, आणि त्यांचा राग मला समजतो.

पण पुढची किक मॅकेचनीलाच मारायची होती. ऐन वेळी बोलावलेला खेळाडू, सगळं मैदान विरोधात, आणि चेंडू खांबांमधून गेला! १३-१२. त्या १३ गुणांपैकी नऊ त्याचे, तीन पेनल्टींचे. कर्णधार ग्रॅहम मूरीच्या संघानं त्या दौऱ्यात आयर्लंड, वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड या चौघांनाही हरवलं. ऑल ब्लॅक्सनी असं ग्रँड स्लॅम याआधी कधी साधलं नव्हतं. माझ्या मते मॅकेचनीची खरी ओळख या किकमध्ये आहे.

जगानं मात्र दुसराच क्षण जपून ठेवला. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. क्रिकेटच्या तिरंगी मालिकेतला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला तिसरा अंतिम सामना. त्या मालिकेतला तिसरा संघ भारताचाच होता. शेवटच्या षटकात न्यूझीलंडला १५ धावा हव्या होत्या. हॅडलीनं चौकार मारला आणि तो लगेच पायचीत झाला. इयान स्मिथनं दोनदा दोन-दोन धावा काढल्या आणि त्याचा त्रिफळा उडाला. एक चेंडू उरला आणि बरोबरीसाठी षटकार लागत होता, तेव्हा मॅकेचनी पहिलाच चेंडू खेळायला आला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून त्याच्या धाकट्या भावानं, ट्रेव्हरनं, चेंडू अंडरआर्म, जमिनीवरून घरंगळत टाकला. मॅकेचनीनं तो अडवला आणि बॅट भिरकावून दिली.

तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. न्यूझीलंडचा कर्णधार जेफ हॉवर्थ पंचांशी बोलायला धावत आला, पण निकाल बदलला नाही. न्यूझीलंडचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी याला भ्याडपणा म्हटलं. पुढं अंडरआर्मवर बंदी आली. त्या गदारोळात दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ब्रूस एडगरचं नाबाद शतक कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मार्टिन स्नेडननं त्याच सामन्यात ग्रेग चॅपेलचा पुढं झेपावून घेतलेला झेल पंचांनी नाकारला, तोही विस्मरणात गेला. चॅपेल मग ९० धावांपर्यंत पोहोचला.

सुट्टीत इन्व्हरकार्गिलला जाणार आहेस ना? गोर वाटेतच लागतं. तिथं एखादा जुना जाणता भेटला तर मेलबर्नचं विचारू नकोस. साउथलंडच्या रग्बीत मॅकेचनी कसा खेळायचा ते विचार, आणि मला लिही.

तुझा,
काका