लॅग किती झाला रे?

24 फेब्रुवारी 2021, सकाळचे 11.40. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं ट्रेडिंग अचानक ठप्प! सुरू झालं ते थेट दुपारी 3.45 ला. व्हायरस? हॅकर? छे हो. एक्स्चेंजच्या खुलाशानुसार मुख्य डेटा सेंटरला जवळच्या बॅकअप सेंटरशी जोडणाऱ्या लाइन्स डळमळीत झाल्या होत्या, वाटेतल्या खोदकामामुळे. लाइन्स दोन टेलिकॉम कंपन्यांच्या, तरीही. बरं, बॅकअपची लाइन गेली तर मुख्य स्टोरेजने चालू राहावं ना? तर तेच सर्व्हरना मिळेनासं झालं. रिस्क मॅनेजमेंट बंद, म्हणून ट्रेडिंग बंद.

हे मला समजावलं जालन्यातल्या माझ्या मावसभावाने. सळया आणि बियाण्यांच्या या गावात तो 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आला, तो परत गेलाच नाही. वरच्या खोलीत बसून रात्रपाळी करतो. एका कंपनीच्या डेटाची एक कॉपी मुंबईत, दुसरी चेन्नईत. दुसरी पहिलीच्या किती मागे आहे, हे बघत बसायचं. मावशी नातेवाइकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते.

“ताई, कॉपी आहे हे कुणीही सांगेल. ती किती शिळी आहे, ते मी सांगतो.”

शिळी कशी होते? फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. जालना-मुंबई अंतर सुमारे 400 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद. आपल्यासाठी किस झाड की पत्ती! पण सिंक्रोनस पद्धतीत प्रत्येक नोंद पलीकडून ‘पोचली’ असा निरोप येईपर्यंत थांबते. अशा हजारो नोंदी खोळंबल्या की सिस्टीम रखडते. म्हणून ही जोडी शक्यतो शंभरेक किलोमीटरच्या आतच ठेवतात. चेन्नईसारख्या लांबच्या कॉपीसाठी असिंक्रोनस: आधी इथे लिहून मोकळं व्हायचं, मागाहून पाठवायचं. पोचायचं राहिलेलं जे काही, तो लॅग. त्या क्षणी मुंबई बंद पडली तर तेवढा डेटा गेलाच समजा. मार्च 2021 मध्ये सेबीने एक्स्चेंजेसना याची मर्यादाच घालून दिली, 15 मिनिटांची.

एका दिवाळीत मी तिथेच होते. रात्री दोनला मी चहा घेऊन वर गेले. लाल दिवे, सायरन असं काहीतरी डोक्यात होतं. स्क्रीनवर नुसती एक रेघ चढत होती. लॅग 3 मिनिटं, मग 6, मग 9. त्याच्या टीमची मर्यादा 10. आणि लिंकचा दिवा? हिरवागार! मला तेच सगळ्यात डेंजर वाटलं. लाइन चालू होती, पण पाकिटं वाटेत गळत होती, तीच पुन्हा पुन्हा पाठवावी लागत होती. त्यात रात्रीची बॅच सुरू. आत येणारा माल जास्त, बाहेर जाणारा कमी.

त्याने मुंबईला फोन लावला. “सर, झोपमोड केली, सॉरी. लिंक वर आहे, पण डेटा जात नाहीये.” पलीकडून कुरकुर ऐकू आली. हा ठाम. शेवटी ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर वळवलं आणि रेघ हळूहळू, अगदी जिवावर आल्यासारखी, उतरायला लागली.

पाचला मावशी खालून ओरडली, “अरे, उटणं लावायचंय, ये की खाली!”

लॅग 40 सेकंद होता. “आई, दहा मिनिटं,” तो म्हणाला आणि चकलीचा डबा पुढे ओढला.