जहाजाचं भाडं, फी कस

आठवीच्या वर्गाला एकमान पद्धत शिकवताना मी पुस्तकातल्या आंब्याच्या पेट्या आणि मजुरांचे दिवस यांच्यावर फार वेळ काढत नाही. मुलांना खऱ्या पैशाचं गणित आवडतं. म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी फळ्यावर आमच्या घरातलंच उदाहरण लिहिलं. चार माणसं, तीन रात्री, मुंबई-गोवा-मुंबई जहाजाची सफर, खर्च इतका. तीच चार माणसं, पाच रात्री, म्हैसूर-उटी, खर्च इतका. तर फी कस, फी रात किती? ‘फी कस’ म्हणजे दर माणशी, आमच्या उर्दू हिशेबातला शब्द. उत्तर बहुतेकांचं बरोबर आलं. पण मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. “टीचर, जहाज में घूमना भी है, सोना भी, खाना भी. तो ये किराया किस चीज़ का हुआ?”

आमच्या घरात महिनाभर वाद चालला होता तो नेमका याच प्रश्नावर.

हट्ट अम्मीचा होता. माझे अब्बा सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान वस्त्यांत एक घर सोडून एक घर जहाजी असायचं, त्यातलंच आमचं एक. अब्बा वर्षवर्षभर पाण्यावर आणि अम्मी जमिनीवर, असा त्यांचा संसार. आता अब्बा पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, अम्मीचे गुडघे गेलेत. आमचे हे कुवेतला असतात, त्यामुळे सुट्टीत फिरायला निघतो ते अम्मी, अब्बा, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. वर्तमानपत्रात सफरीची जाहिरात बघून अम्मी म्हणाली, “तुम्ही राहायचात ते जहाज आतून कसं असतं, ते मला एकदा बघायचंय.”

अब्बा म्हणाले, “मी राहायचो ते जहाजाच्या पोटात. त्याचं तिकीट विकत नाहीत.”

मला दोघांचंही पटत होतं. पण पगार माझा जाणार होता, म्हणून मी वही काढली.

म्हैसूर-उटीचा हिशेब माझ्याकडे लिहिलेला होताच. मे २०२३ मध्ये आम्ही कोकण रेल्वेने मंगळूरपर्यंत गेलो, तिथून गाडी केली. रेल्वे, गाडी, दोन खोल्यांचं लॉज, खाणं, तिकिटं, सगळं मिळून बावन्न हजार. फी कस, फी रात २,६०० रुपये.

जहाजाच्या जाहिरातीत आकडा होता माणशी साडेसतरा हजार, ‘पासून’. हा ‘पासून’ फार महागडा शब्द आहे. तो आकडा बिनखिडकीच्या आतल्या खोलीचा आणि तोही एका खोलीत दोघं धरून. जहाजाचं भाडं नेहमी जोडीवर बसवलेलं असतं. आमच्या शाळेतल्या एक अविवाहित बाई एकट्या जायला निघाल्या होत्या. त्यांना एका माणसाला जवळपास दोघांचं भाडं सांगितलं, कारण खोली तर अख्खी अडते. उलट त्याच खोलीत तिसरं-चौथं माणूस घातलं की त्यांना दर बराच कमी पडतो. आम्ही चौघं एका खोलीत म्हटल्यावर आम्हाला याचा फायदा झाला. खिडकीची खोली घेतली. पहिल्या दोघांचे चोवीस-चोवीस हजार, पुढच्या दोघांचे तेरा-तेरा, म्हणजे चौऱ्याहत्तर. त्यावर बंदराचा आकार, नोकरवर्गाची बक्षिसी आणि कर मिळून एकोणीस हजार. जाहिरातीत हे एकोणीस हजार अगदी बारीक टायपात होते. मग रत्नागिरी-मुंबई जाणं-येणं आणि मुंबईतली टॅक्सी साडेपाच हजार, गोव्यातली टॅक्सी अडीच. बेरीज एक लाख एक हजार. फी कस, फी रात ८,४१६ रुपये. उटीच्या तिप्पटीहून जास्त.

एजंटाला हा आकडा सांगितला तेव्हा तो हसला. “मॅडम, तुम्ही लॉजशी तुलना करताय. गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलाशी करा. तिथं नुसत्या खोलीला इतके पडतात. इथे चार वेळचं खाणं, नाटक, जादूचे प्रयोग, पोहण्याचा तलाव, सगळं आत. तुमचे निम्मे पैसे वाचतात.”

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. तशी हॉटेलं आणि तितकं जेवण जमिनीवर वेगवेगळं विकत घेतलं तर ते जहाजापेक्षा महागच पडेल. पण ज्या हॉटेलात मी जन्मात उतरणार नव्हते, तिथे न उतरल्यामुळे वाचलेले पैसे माझ्या वहीत कुठल्या बाजूला लिहू? नवीन गाडी घेणारा विमान न घेतल्याची बचत सांगत नाही. स्वस्त-महाग ठरवायचं असेल तर तुम्ही खरोखर दुसरं काय केलं असतं, त्याच्याशीच ताडून बघावं लागतं. आम्ही दुसरं काय केलं असतं? आम्ही लॉजमध्ये राहिलो असतो. किंवा कुणा नातलगाकडे. आमच्यासारख्यांच्या सहली मुंब्र्याच्या खालाच्या आणि हुबळीच्या चुलतचुलत्यांच्या जिवावर होत आल्यात. समुद्रात खाला नसते.

दुसरी गोष्ट ‘सगळं आत’ची. आत असलेल्यातलं आपण वापरणार किती? दारूचा मजला आणि जुगाराचा दिवाणखाना हे आमच्या कामाचे नाहीत. ते भाड्याच्या बाहेर असतात हे खरं. उलट या धंद्याची मेख तीच आहे. भाडं शक्य तितकं खाली ठेवायचं आणि माणूस एकदा जहाजावर चढला की पेयं, जुगार, इंटरनेट, बंदरावरच्या सहली यांतून कमवायचं. म्हणजे न पिणारा, न खेळणारा प्रवासी कंपनीला तोट्याचा आणि स्वतःला फायद्याचा. हे कळल्यावर अब्बांचा चेहरा जरा खुलला. पण जेवणात आमचं उलटं झालं. गोश्त हलाल आहे का म्हणून फोनवर तीनदा विचारलं, तीन वेगळी उत्तरं मिळाली. जैन जेवणाची वेगळी सोय आहे, हे मात्र न विचारता सांगितलं. आम्ही मासळी आणि भाजीवर राहायचं ठरवलं, म्हणजे भरल्या टेबलाचे पैसे देऊन अर्ध्या टेबलावर बसायचं. हा तोटा कुठल्याच एजंटाच्या कागदात येत नाही.

शाळेच्या सुट्टीचाही भुर्दंड आहे. खोली रिकामी ठेवून जहाज सुटलं तर त्या रात्रीचे पैसे कंपनीचे बुडालेच, म्हणून ऐनवेळी भाडी उतरतात म्हणे. ती उतरतात तेव्हा मी वर्गात असते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर हे सगळं बंदच. राहिली दिवाळी आणि नाताळ, आणि तेव्हा सगळ्या हिंदुस्थानालाच सुट्टी असते.

आणि गंमत बघा. आम्ही राहतो रत्नागिरीत. गोवा आम्हाला मुंबईपेक्षा जवळ. गोव्याला जायला आम्ही आधी साडेतीनशे किलोमीटर उलट्या दिशेने मुंबईला जाणार आणि मग मध्यरात्री आमच्याच गावासमोरून पुढे जाणार. माझ्या दादीला हे ऐकवलं असतं तर तिने मला वेड्यांच्या इस्पितळात घातलं असतं. रत्नागिरीचं वेड्यांचं इस्पितळ प्रसिद्धच आहे.

दादीच्या काळी आगबोटी होत्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग करत पणजीला जायच्या. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागायची नाही, पडावातून उतरावं लागायचं. डेकवर चटई, उशाला ट्रंक, सोबत भाकऱ्या आणि सुकं मटण. तेव्हा कोणी समुद्र बघायला बोटीत बसत नसे, बोटीशिवाय इलाज नव्हता. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेच्या वर माणसं गेली, ते नाव दादी शेवटपर्यंत हळू आवाजात घ्यायची. माझे नाना जहाजानेच हजला गेले होते. मुंबईहून जिद्द्याला जाणारी ती जहाजं १९९५ पर्यंत चालली. त्या तिकिटांत महाग-स्वस्त ठरवणं सोपं होतं, कारण किंमत पोचण्याची होती. या सफरीत पोचायचं असं काही नसतंच. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. उतरण्याची रांग आणि परत चढण्याची वेळ वजा केली तर आमच्या हातात गोवा सहा तासही आला नाही. गोवा बघायचा असेल तर सरळ मांडवी एक्स्प्रेस धरावी.

इतकं असूनही आम्ही गेलो. कारण वहीच्या शेवटच्या पानावर मी एक वेगळी यादी केली होती. उटीच्या पाच रात्रींत तीन वेळा सामान बांधलं. अम्मी अठरा वेळा गाडीत चढली-उतरली, मुलीने मोजलं होतं. दोन ठिकाणी लॉजची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बागेत सगळे फिरून आले आणि अम्मी फाटकाजवळच्या बाकावर पर्सा सांभाळत बसली. बावन्न हजार भागिले चार हे गणित तिच्यापुरतं खोटं होतं, कारण तिला चौथा हिस्सा मिळालाच नव्हता. जहाजावर लिफ्ट, सामान एकदाच उघडायचं, आणि बघायचं ते खिडकीत चालून येणार.

खोली अब्बांनी निवडली. एजंट वरच्या मजल्याची देत होता. अब्बा म्हणाले, “खालची द्या, मधोमध. तिथे हेलकावा कमी. आणि डाव्या हाताची. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो.” भाडं तेवढंच, उलट जरा कमीच. एजंटाने हे आपणहून सांगितलं नसतं.

पहिल्या रात्री एकच्या सुमाराला मला जाग आली तर दोघं खिडकीशी बसलेली. लांब काळोखात एक दिवा लुकलुकत होता. अब्बा आधीच्या दिव्याला जयगडचा म्हणाले होते, हा भगवती बंदराच्या किल्ल्यावरचा, आपला, असं सांगत होते. अम्मीने विचारलं, “तुम्ही इथून जायचात तेव्हा आम्ही झोपलेले असायचो?”

“आमची जहाजं इतक्या जवळून कुठली जायला.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “दोनदा गेलं होतं. दोन्ही वेळा मी भांडी घासत होतो.”

दुसऱ्या दिवशी अब्बा भोजनगृहात प्रत्येक वाढप्याला गाव विचारत हिंडले. बक्षिसी भाड्यात घेतलीच आहे, असं मी दोनदा सांगूनही त्यांनी रोज वेगळे पैसे दिले. ते मी वहीत ‘किरकोळ’ मध्ये टाकले, सतराशे रुपये. अम्मीने तीन दिवसांत एकदाही आज काय करू म्हणून विचारलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, आता पाणी पुष्कळ झालं.

माझ्या वहीप्रमाणे जहाज आम्हाला महाग पडलं, आणि जोडीने, तरण्या पायांनी फिरणाऱ्या कुणीही मला विचारलं तर मी त्यांना रेल्वेचं तिकीट काढायला सांगते. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर आधी त्याच्या वाट्याला काय येतं ते मोजायला सांगते, भाडं मागून. येत्या मेमध्ये वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद करायचा विचार आहे. गाडीवाल्याशी बोलणं झालंय. अम्मीची अट एकच, खोली तळमजल्यावरची. तीन लॉजना फोन केले, एकाने दोनशे रुपये जास्त सांगितले. देणार आहे.