दिवस आणि दिवसभर

फ्रेंचमध्ये दिवसाला दोन शब्द आहेत. जूर हा मोजायचा दिवस, पुल्लिंगी. जुर्ने म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावरून गेलेला अख्खा दिवस, स्त्रीलिंगी. भेटल्यावर बोंजूर म्हणतात. निघताना मात्र बॉन जुर्ने, पुढचा सगळा दिवस बरा जावो म्हणून. वर्षाचंही तसंच: वय सांगताना आं, नववर्षाच्या शुभेच्छा देताना आने.

निगडीत राहून ही भाषा शिकताना मला या जोड्या परक्या वाटल्या नाहीत. बूश म्हणजे तोंड, बूशे म्हणजे तोंडभर घास. आसिएत म्हणजे ताटली, आसिएते म्हणजे ताटलीभर. त्याच चालीवर जूर म्हणजे दिवस आणि जुर्ने म्हणजे दिवसभर! शेवटचा तो 'ए' आपल्या 'भर'चं काम करतो. दिवसात काहीतरी मावतं, तो भरतो, ही समजूत दोन्हीकडे आहे.

आमच्या पट्ट्यात दिवस भरतो तो पाळीने. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी करत कारखाने चाकणपर्यंत पोचले. तीन पाळ्यांच्या कामाला फ्रेंच कामगार 'त्र्वा-उइत' म्हणतात, म्हणजे तीन आठ. आठ तासांचा दिवस त्यांना १९१९ च्या कायद्याने मिळाला, तो आकडा शब्दातच राहिला. मला आपली पाळी अधिक जवळची वाटते. आपल्या आधी त्या मशीनवर कुणी उभं होतं आणि नंतर कुणी येणार आहे, हे तिच्यात आपोआप येतं.

रात्रपाळीला मात्र दोन्ही भाषा अपुऱ्या पडतात. रात्री अकराला पंच केलेल्या माणसाची तारीख कामावरच बदलते, हजेरी आदल्या दिवसाची लागते. सकाळी तो कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा गल्लीत शाळेची घाई असते. पडदे ओढून, पोरांना गप्प बसवून तो झोपतो. कॅलेंडरवर त्याचा जूर असतो. त्याची जुर्ने कुठून कुठपर्यंत धरायची?

मराठीतही वेळ लिंग बदलते. बसची वेळ झाली, ही स्त्रीलिंगी. तिच्यावर कारखाना चालतो. वेळ मिळाला, वेळ गेला, हा पुल्लिंगी; त्याची नोंद पगाराच्या स्लिपवर नसते. १९४८ च्या कारखाने कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर दिला. तो हक्क मोलाचा आहे, त्यातून इथल्या कितीतरी घरांचे हप्ते फिटले, मुलं इंजिनिअर झाली. तरीही एखाद्या संध्याकाळी तो दुप्पट दर सोडून पोरीच्या गॅदरिंगला गेलेली माणसं मी ओळखतो, आणि ती मला हिशेबात कच्ची वाटत नाहीत.