पाळीची झोप, पाळीचे जागरण

वाचकहो, शिडाच्या जहाजावर काही काळ राहिलेला मनुष्य भेटला, की लोक त्याला वादळांविषयी विचारतात, देवमाशांविषयी विचारतात. तेथे तुम्ही झोपत कसे होता, हा प्रश्न मला आजवर फार थोड्यांनी विचारला आहे. आपल्यापुढे मात्र त्याच प्रश्नाचे उत्तर मांडावेसे वाटते. त्या जहाजावर शिकलेली झोपण्याची आणि जागण्याची रीत पुढे कित्येक वर्षांनी आमच्या घरातील एका दीर्घ आजारपणात उपयोगी पडली.

'तरंगिणी' हे भारतीय नौदलाचे शिडाचे प्रशिक्षण जहाज. गोवा शिपयार्डमध्ये ते बांधले गेले आणि ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाले. लांबी ५४ मीटर, डोलकाठ्या तीन आणि लहानमोठी शिडे वीस. कोची हे त्याचे घर. इंजिनांच्या आणि उपग्रहांच्या या काळात नौदल आपल्या तरुण प्रशिक्षणार्थींना शिडाच्या जहाजावर का पाठवते, असे आपल्याला वाटेल. वारा आणि पाणी यांच्याशी अंगाने ओळख व्हावी आणि आपल्या वाट्याचे काम दुसऱ्याच्या कामाशी कसे बांधलेले असते ते कळावे, हा त्यामागील हेतू. विशीत असताना मीही त्या जहाजावर काही आठवडे काढले.

पहिले तीन दिवस बोट लागण्याचे. आपल्या कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. जहाज हलते आहे हे त्याला कळते. डोळ्यांना मात्र समोरची खोली स्थिर दिसते. या दोन परस्परविरोधी निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळू लागते. अशा वेळी खाली जाऊन अंथरुणावर पडावे असे प्रत्येकाला वाटे, आणि आमचे प्रशिक्षक नेमके तेच करू देत नसत. ते आम्हांला वर मोकळ्या हवेत आणत, जहाजाच्या मध्यभागी उभे करत. तेथे हेलकावा कमी असतो. दूरच्या क्षितिजावर नजर ठेवायला सांगत, कोरडे बिस्किट थोडे थोडे चावायला लावत आणि पाण्याचे घोट पाजत. उलटी झालेल्या मुलाच्या हाती सुकाणू दिले, की पुष्कळदा अर्ध्या तासात त्याच्या चेहऱ्यावर रंग परते. जहाज कोणीकडे वळणार हे शरीराला आधी कळले, की मळमळ कमी होते. मोटारीत चालकाला सहसा गाडी लागत नाही, त्याचे कारण हेच.

तिसऱ्या दिवशी भूक परतली आणि जहाजाचे वेळापत्रक अंगवळणी पडू लागले. समुद्रावर दिवसाचे चार चार तासांचे भाग पाडलेले असतात. त्यांना आम्ही 'वॉच' म्हणत असू. आपण पाळी म्हणू. रात्री आठ ते बारा, बारा ते चार, पहाटे चार ते आठ, अशा त्या पाळ्या. फक्त सायंकाळचे चार तास दोन दोन तासांत विभागलेले असतात. त्यामुळे पाळ्या सहाऐवजी सात होतात. तीन तुकड्या असल्या, की सात पाळ्यांची समान वाटणी होत नाही. रोजची वेळ आपोआप सरकत जाते. मध्यरात्रीची कठीण पाळी एकाच तुकडीच्या वाट्याला रोज येत नाही. ही जुन्या खलाशांची योजना मला आजही फार न्यायी वाटते.

पाळीवर असलेल्यांपैकी एक सुकाणूवर, एक पुढे टेहळणीला, उरलेले दोरांपाशी. तासातासाने जागा बदलायची, म्हणजे डोळा लागत नाही. पाळी बदलण्याच्या पंधरा मिनिटे आधी कोणीतरी खाली येऊन पुढच्यांना हलक्या आवाजात नावाने उठवी. त्याच्या हातातील विजेरीचा उजेड तांबडा असे. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले, तर अंधाराला पुन्हा सरावायला अर्धा तास लागू शकतो. तांबड्या उजेडात ती अडचण फारशी येत नाही. वर गेल्यावर आधीचा प्रशिक्षणार्थी आपली दिशा, वारा, दृष्टीस पडलेली जहाजे आणि उभारलेली शिडे यांची माहिती देई. नव्याने आलेल्याने ती सर्व मोठ्याने म्हणून दाखवायची. त्याने ती बिनचूक म्हटल्यानंतरच आधीच्याला मोकळीक. मग त्याने रेंगाळायचे नाही, गप्पा मारायच्या नाहीत. खाली जायचे आणि झोपायचे. पाळी नसलेल्याची झोप मोडणे हा तेथे मोठा अपराध समजला जाई.

सकाळी खाऱ्या पाण्याने डेक घासून धुवायचा. गोडे पाणी मोजके, म्हणून अंघोळ बहुधा समुद्राच्या पाण्याची. त्यात नेहमीचा साबण फेसाळत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. स्वयंपाकघरात चुलीभोवती लोखंडी कठडे, नाहीतर भातासकट पातेले कोसळायचे. तळहातांना फोड येत, ते फुटत, आणि पुढे तेथे घट्टे पडत. जड शीड चढवताना दहाबारा जणांनी एका ठेक्यात दोर ओढायचा. आपल्या कोकण किनाऱ्यावर जाळे ओढताना कोळी बांधव जसा सूर धरतात तसाच हा प्रकार. सूर चुकला की ताकद वाया.

डोलकाठीवर चढण्याची भीती मला वाटत होती, आणि ती सर्वांनाच वाटते असे आम्हांला आधीच सांगण्यात आले होते. भिऊ नका, असे कोणी म्हटले नाही. चढायचे कसे तेवढे शिकवले. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूनेच चढा, म्हणजे तो तुम्हांला दोरांवर दाबून धरील. उभे जाड दोर हातांनी धरा. आडव्या पायऱ्या पायांसाठी आहेत, एखादी तुटली तर हात सुटता कामा नये. वर पोचताच सुरक्षापट्ट्याची कडी अडकवा. एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी, हा खलाशांचा जुना नियम. चौथ्या की पाचव्या खेपेस पाय थरथरायचे थांबले. भीती पूर्ण गेली नाही. मात्र आधी कोणता हात आणि मग कोणता पाय, हे ठाऊक झाल्यावर ती आटोक्यात राहू लागली.

'तरंगिणी'चे आरेखन करणारे कॉलिन मुडी यांनीच इंग्लंडमधील 'लॉर्ड नेल्सन' या शिडाच्या जहाजाचेही आरेखन केले होते. त्या जहाजावर अपंग आणि धडधाकट मंडळी जोडीने प्रवास करत. चाकाच्या खुर्चीवर बसणारा मनुष्यही तेथे पाळीवर असे, कारण जहाजाची रचनाच तशी केलेली होती. या गोष्टीचे मला विशेष अप्रूप वाटते. प्रत्येकाला झेपेल असे, पण खरोखरीचे काम देता येते, याचा तो पुरावा होता.

जहाजावरील तुटक झोप आरोग्याला उत्तम असते, असे मात्र आपण समजू नये. वाढत्या वयातील मुलांना आठ ते दहा तासांची सलग झोप हवी. काही आठवड्यांच्या सफरीत आम्ही तरुण म्हणून ते निभावले, तेही दिवसा राहिलेली झोप भरून काढण्याची सक्ती होती म्हणून. घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. मध्यरात्री टेहळणीवर उभे असताना मला जाणवे, की खाली सारे निर्धास्त झोपले आहेत, कारण वर मी जागा आहे. आणि चार तासांनी मी झोपेन, कारण तेव्हा दुसरे कोणी जागे असेल.

या जाणिवेचा खरा उपयोग झाला तो वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा. उजवी बाजू लुळी, बोलणे बंद. रुग्णालयातून घरी आणताना डॉक्टरांनी बजावले होते, की दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला व्रण होतील. पहिल्या तीन रात्री आम्ही घरातले सगळेच जागे राहिलो. आईला आधीपासून रक्तदाबाचा त्रास. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तिला घेरी आली. एका आजाऱ्यामुळे दुसरा आजारी पडण्याची वेळ आली होती.

त्या संध्याकाळी मी एका कागदावर पाळ्या आखल्या. रात्री दहा ते दोन मी, दोन ते सहा धाकटा भाऊ, सहानंतर आई. दिवसाचे तास माझी पत्नी आणि वहिनी यांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून वाटून घेतले. दर रविवारी रात्रीच्या पाळ्यांची अदलाबदल. आई काही केल्या ऐकेना.

"अरे, मी कशी झोपू? त्यांना काही लागलं तर?"

"आई, तुझी पाळी सहाला. तोवर झोपणं हेच तुझं काम."

दोन वाजता मी भावाला उठवी आणि सांगे, "आता डाव्या कुशीवर आहेत. सव्वाबाराला लघवी झाली. खोकला नाही." तो म्हणे, "डावी कूस, सव्वाबाराला लघवी, खोकला नाही. दादा, जा तू आता." उशाशी एक वही ठेवली होती; बोलण्यात राहिलेले त्यात लिहिलेले असे. चौथ्या रात्री आई सलग पाच तास झोपली.

सायंकाळी सहा ते आठ ही पाळी माझ्या सोळा वर्षांच्या पुतण्याने मागून घेतली. वडील माणूस हाकेच्या अंतरावर असेच. तो आजोबांना वर्तमानपत्रातील क्रिकेटचे पान वाचून दाखवी. बोलता न येणाऱ्या आजोबांच्या डाव्या हाताच्या दाबाचे अर्थ सर्वांत आधी त्याला उमगले: एकदा दाबला म्हणजे हो, दोनदा म्हणजे पुरे. पुढे पुढे सहा वाजले, की वडिलांची नजर दाराकडे लागे.

वडील त्यानंतर अकरा महिने होते. त्यांच्या पाठीवर एकही व्रण झाला नाही, आणि आईचा रक्तदाब औषधांवर स्थिर राहिला.

आपल्या घरी असे आजारपण आले, तर पहिल्याच दिवशी कागद घेऊन बसावे. जो सर्वांत अधिक झटतो आहे त्याच्या झोपेची वेळ त्यावर आधी लिहावी, कारण तो स्वतः ती कधीच लिहिणार नाही. घरातील तरुण मुलांना वगळू नये. त्यांच्या वयाला झेपेल अशी, रात्रीची झोप न मोडणारी एक पाळी त्यांनाही द्यावी. निरोप सांगणाऱ्याने नीट सांगावा आणि घेणाऱ्याने तो म्हणून दाखवावा. घरात पुरेशी माणसे नसतील, तर शेजारी, नातलग किंवा पगारी मदतनीस यांना एखादी पाळी द्यावी. त्यात कमीपणा मानू नये. आणि आपली पाळी संपली, की दिवा मालवून खरोखरच झोपावे.